औषधाचा धाक आणि सुभेदारांच्या कोंबड्या

क्षयाच्या जंतूंना अंडी आवडतात हे मी कॉलेजात शिकले होते. पण ती अंडी गोळा करत पालघरच्या बाजारात मलाच हिंडावं लागेल, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी. होऊन नोकरीला लागले ती थेट पालघरला, छातीच्या रोगांच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात. साठच्या दशकाची मधली वर्षं. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालेलं, बोईसर स्टेशनवर गाडी थांबली की ट्रंका, वळकट्या आणि हिंदी बोलणारी माणसं उतरायची. आमच्याकडे त्यातलं काही पोचलं नव्हतं. दवाखान्याच्या मागे कौलारू छपराची एक खोली होती, तिला प्रयोगशाळा म्हणत. तिच्यात जंतू उबेला ठेवायचा एक इन्क्युबेटर, एक सेंट्रिफ्यूज, एक सूक्ष्मदर्शक आणि आमचे डॉक्टर.

डॉक्टर मद्रासला काही वर्षं काम करून आले होते. उंच, किडकिडीत, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की जेवण विसरणारे. इन्क्युबेटरच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलं होतं, 'कारणाशिवाय उघडू नये'. दिवसातून दहा वेळा उघडायचं कारण त्यांना सापडायचंच. आत डोकावून ते जंतूंची विचारपूस करायचे. "काय, आज तरी काही उगवताय का?" जंतू उत्तर देत नसत, पण डॉक्टरांचा धीर सुटत नसे.

मद्रासला त्यांनी पाहिलं होतं की क्षयाच्या रोग्याला रोज औषध न देता आठवड्यातून दोनदा दिलं तरी बरेच जण बरे होतात. का होतात, हे त्यांना नीट उमगलं नव्हतं, आणि ते उमगल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. त्यांची उरलीसुरली झोप उडवली ती बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरच्या एका तांडेलानं.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा गडी एके काळी चांगला आडदांड असावा. आता गळ्याची हाडं वर आली होती, पण आवाज तसाच शाबूत होता. बायको मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात यायची, तिनंच त्याला ओढत दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की रोज सुई घ्यावी लागेल, वर्ष-दीड वर्ष.

तांडेलानं शांतपणे विचारलं, "डागतर, दर्याव गेलो का आठ-आठ दीस आमी परत येत नाय. तितं सुई कोन मारनार? पापलेट?"

डॉक्टर हसले. मग हसता हसता थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपल्याला हेच मोजायचं आहे."

मला काही कळलं नाही. तांडेलाला तर नाहीच. तेव्हा डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं. "समजा, वर्गात मास्तर आहे. पोरं गप्प आहेत. मास्तर बाहेर गेला, तरी पोरं थोडा वेळ गप्पच बसतात ना? तसंच औषधाचं. औषध अंगातून निघून गेलं तरी त्याच्या धाकानं जंतू काही काळ दबून राहतात, वाढत नाहीत. तो धाक किती दिवस टिकतो ते कळलं, तर सुई तितक्या दिवसांनी दिली तरी चालेल."

"आमचा मास्तर भायेर गेला का आमी लगेच खिडकीतून पलायचो," तांडेल म्हणाला.

"तेच तर! कुठल्या औषधामागे पोरं पळतात आणि कुठल्यामागे गप्प बसतात, ते प्रत्येकाचं वेगवेगळं पाहायला हवं."

तांडेलाची बायको दारात पाटी टेकवून ऐकत होती. ती म्हणाली, "आन् ह्यांचे जंतू ह्यांच्यावानीच असले तर?"

अशी आमच्या प्रयोगाची सुरुवात झाली.

पद्धत सांगायला सोपी होती. काचेच्या चंबूत, पातळ रसात जंतू वाढवायचे आणि त्यांचे दोन वाटे करायचे. एका वाट्यात औषध घालायचं, दुसऱ्यात नाही. बिनऔषधाच्या वाट्याला 'कंट्रोल' म्हणायचं. एक दिवस तसंच ठेवून मग औषध काढून टाकायचं. सगळी मेख इथे होती. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवल्या की जंतू तळाशी बसतात. वरचं पाणी ओतायचं, ताजं घालायचं, हलवायचं, पुन्हा फिरवायचं. डॉक्टर ह्याला 'धुणं' म्हणत आणि माझ्या धुण्यावर सासूसारखे लक्ष ठेवून असत. औषधाचा अंश मागे राहिला तर मास्तर बाहेर गेलाच नाही, दाराआड उभा आहे, असं व्हायचं.

धुतलेले जंतू मग ताज्या रसात सोडायचे आणि रोज त्यातला एक थेंब अंड्याच्या बाटल्यांवर पेरायचा. ह्या बाटल्या म्हणजे आमचं शेत. अंडी फोडून, फेटून, त्यात क्षार आणि एक हिरवा रंग घालायचा, बाटल्यांत भरायचं आणि बाटल्या तिरप्या ठेवून मंद आचेवर थिजवायच्या. पोपटी रंगाचा सुरेख पोळा तयार व्हायचा. त्यावर जिथे जिवंत जंतू पडेल तिथे रव्याच्या दाण्याएवढा ठिपका उगवतो, आणि ठिपके मोजले की त्या दिवशी चंबूत किती जंतू जिवंत होते ते कळतं. कंट्रोलचे ठिपके दिवसागणिक वाढत जातात. धुतलेल्यांचे काही दिवस वाढत नाहीत. तेवढा तो धाक.

अडचण एकच. क्षयाचा जंतू महाआळशी. इतर जंतू एका रात्रीत बाटली भरून टाकतात, ह्याला डोकं वर काढायला महिना लागतो. म्हणजे आज केलेली चूक महिन्यानं कळायची.

आणि दुसरी अडचण अंड्यांची.

आधी बाजारात गावठी अंडी सहज मिळायची. पण तारापूरला बांधकामावर परदेशी साहेब आले, आणि साहेबांना म्हणे रोज सकाळी अंडी लागायची, तीही एक नव्हे. त्यांच्या खानसाम्यांनी बोईसरची अंडी उचलली, मग पालघरची, मग आसपासच्या खेड्यांतली. मी बाजारात पोचेपर्यंत टोपल्यांत नुसतं भाताचं पिंजर उरलेलं असायचं. एकदा कशीबशी डझनभर मिळाली ती पिशवीत घालून खोलीवर गेले, तर घरमालकीणबाई दारातच उभ्या. त्यांच्या घरात अंडं चालत नसे.

"खायची नाहीत हो," मी म्हटलं. "जंतूंसाठी आहेत. क्षयाच्या."

त्या म्हणाल्या, "म्हणजे माणसांना सुया आणि जंतूंना अंडी? तुमच्या डॉक्टरांचा पक्ष तरी कोणता?"

मी पिशवी पायरीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच उचलली. सुदैवानं मांजरानं नेली नव्हती.

ह्या संकटात देवासारखे धावून आले ते सुभेदार. सैन्यातून निवृत्त झालेले, आमच्याच सातारा भागातले. भाच्याला बांधकामावर नोकरी लागली म्हणून त्याच्याबरोबर बोईसरजवळ सालवडला आले, साहेबांच्या न्याहारीची कीर्ती ऐकली आणि घरामागे पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळायला बसले. डॉक्टरांना ते बोईसरला कुणाकडे तरी भेटले. त्यानंतर दर आठवड्याला सायकलवरून स्वतः अंडी घेऊन यायचे, पिंजरात रांगेनं लावलेली, सगळी एका मापाची. दारात उभं राहून कडक सलाम ठोकायचे.

"अंडी हाजीर!"

पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांनी मला विचारलं, "पोरी, गाव कंचं तुजं?" गाव सांगितल्यावर त्यांनी मला पुतणी करून टाकलं.

अंडी पांढरीशुभ्र, कवच टणक, बलक घट्ट. त्यांचा पोळा असा गुळगुळीत थिजला की डॉक्टर बाटली उजेडात धरून म्हणाले, "आरशासारखी झालीय!"

प्रयोग सुरू झाला. पेरणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गावठी अंड्यांच्या जुन्या बाटल्या आधी संपवा, वाया जायला नकोत." कंट्रोलची पेरणी आधी व्हायची, तेव्हा सगळ्या जुन्या बाटल्यांवर कंट्रोलच्या चिठ्ठ्या लागल्या. धुतलेल्या जंतूंना नव्या, सुभेदारी बाटल्या. ह्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

महिनाभरानं कंट्रोलच्या बाटल्यांवर पीक असं आलं, जणू फ्लॉवरचे गड्डे. आणि धुतलेल्यांच्या बाटल्या? एकूण एक बोडक्या. पहिल्या दिवसाची बोडकी, आठव्या दिवसाची बोडकी, शेवटच्या दिवसाची बोडकी. आणखी पंधरा दिवस थांबलो. एक ठिपका नाही.

डॉक्टर खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. खोली लहान असल्यानं तीन पावलांत भिंत यायची, तरी घालत होते. "बाई, एक दिवसाचं औषध! आणि नंतर इतके आठवडे हूं की चूं नाही! हा धाक नव्हे, ही जरब आहे!"

मी हळूच म्हटलं, "पण डॉक्टर, चंबूतला रस गढूळ झाला होता. जंतू वाढल्याशिवाय गढूळ कसा होईल?"

"बाहेरची घाण पडली असेल. कौलं बघा आपली."

कौलं तशी होतीच.

तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे तांडेल रोज बोईसरहून गाडी धरून सुईला येत होता आणि रोज कुरकुरत होता. आनंदाच्या भरात डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं, "तांडेल, कदाचित असं औषध देता येईल की नारळी पौर्णिमेला एक सुई घेतली, की होळीपर्यंत सुट्टी!"

तांडेलानं डॉक्टरांचा हात धरून इतका जोरात दाबला की डॉक्टर नंतर बराच वेळ तो चोळत होते. आता 'कदाचित' हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला होता, मी स्वतः ऐकला होता. पण तो शब्द तांडेलाबरोबर बोईसरच्या गाडीत चढलाच नाही. नवापूरला पोचली ती फक्त सुई.

मद्रासला कळवण्याआधी प्रयोग एकदा पुन्हा करायचा, एवढं भान डॉक्टरांना होतं. शिवाय त्यांच्या मनात एक शंका आली. धुणं नीट झालं नसेल तर? मग मी धुवायला बसले. तीनदा धुतलं, चारदा धुतलं. डॉक्टर म्हणाले, साडीतला साबण निघेपर्यंत कसं आपण पिळत राहतो, तसं करा. साडी कधी त्यांनी धुतली होती कोण जाणे. शेवटी एका नळीत इतक्या वेळा धुतलं की तळाशी काही उरलंच नाही. पाण्याबरोबर सगळे जंतू वाहून गेले. डॉक्टरांनी ती रिकामी नळी सूक्ष्मदर्शकाखाली नेली आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." ते खरंच होतं.

पुन्हा नवे जंतू, पुन्हा बेताचं धुणं, पुन्हा पेरणी. ह्या वेळी गावठी बाटल्या संपल्या होत्या. सगळ्या बाटल्या सुभेदारांच्या.

नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हा मी इन्क्युबेटर उघडला. धुतलेले बोडके. कंट्रोलही बोडके.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी एकेक बाटली उचलून उजेडात धरली, सगळ्या परत ठेवल्या आणि स्टूलवर बसले. कंट्रोलला औषधाचा वाराही लागला नव्हता. ज्या वर्गात मास्तर कधी आलाच नाही, तिथली पोरं इतकी गप्प कशी?

"कंट्रोलचा चंबू कुठाय?" त्यांनी विचारलं.

चंबू दुधासारखा गढूळ झाला होता. ह्या वेळी त्यांनी कौलांकडे बघितलं नाही. थेंब काचेवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ डोळा लावून बसले, मग उठून मला जागा दिली. लाल काड्यांचा नुसता पेंढा पडला होता. क्षयाचेच जंतू, शुद्ध, एकाही परक्याची भेसळ नसलेले. चंबूत खुशाल वाढत होते. फक्त बाटल्यांवर पेरले की रुसून बसत होते.

"म्हणजे दोष बाटल्यांचा," डॉक्टर म्हणाले. "काय बदललंय बाटल्यांत? क्षार तेच. रंग तोच."

"अंडी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सालवडला गेले. सुभेदारांनी मोठ्या उत्साहानं स्वागत केलं आणि कोंबड्या दाखवायला नेलं. खुराडी ओळीत, चुना मारलेली. आतल्या कोंबड्यासुद्धा ओळीत उभ्या असल्यासारख्या वाटत होत्या. कडेला एक माणूस बादलीत पिवळी भुकटी कालवत होता.

"हे काय आहे, काका?"

सुभेदारांची छाती फुगली. "दवा! पार मुंबईहून मागवतो. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून. शेजाऱ्याच्या कोंबड्या पटापट मेल्या, आमची एक शिंकली न्हाई. आमच्या पलटणीत आजारी पडायची परवानगी न्हाई!"

मी डब्यावरचं नाव वाचलं. आमच्या दवाखान्याच्या कपाटात त्याच जातीच्या, जंतू दाबणाऱ्या औषधाच्या गोळ्या होत्या. मला आधी हसू आलं आणि मग डॉक्टरांचा चेहरा आठवून रडू आलं. ह्या गोंधळात मी सुभेदारांना सांगून बसले, "काका, तुमच्या अंड्यांवर क्षयाचे जंतूसुद्धा वाढत नाहीत हो!"

सुभेदार क्षणभर गंभीर झाले. "क्षयाचे? आमच्या अंड्यावर?" आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "वा!"

मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. कोंबडीच्या पोटातलं औषध अंड्यात, अंड्यातलं पोळ्यात. "बाई," ते म्हणाले, "आपण जंतूंना औषधातून काढून, तीन-तीनदा धुऊन, परत औषधातच बसवत होतो." मग ते कितीतरी वेळ हसत होते. हसण्यात आनंद नव्हता, पण त्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तरीही खात्री करून घ्यायला हवी होती. तांडेलाची बायको सुकट आणि बोंबील घेऊन पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर जायची आणि बदल्यात धान्य आणायची. तिला अंडी आणायला सांगितलं. ही अंडी लहानमोठी, मळकट, एखाद्यावर पीसही चिकटलेलं. त्यांच्या बाटल्या केल्या, शेजारी सुभेदारांच्या ठेवल्या आणि दोन्हींवर एकाच चंबूतले जंतू पेरले. ठिपके उगवायला महिना होता. नारळी पौर्णिमा मात्र त्याआधीच आली.

नारळ दर्याला वाहून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखान्याच्या अंगणात नवापूर अवतरलं. पुढे तांडेल, मागे त्याचे भाऊबंद, त्यांच्या बायका, एक खोकणारी म्हातारी आणि अजिबात न खोकणारे दहा-बारा तरुण. ते का आले म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, "फुडं कदी क्षय झाला तर? आताच मारून ठेवा."

डॉक्टर पायरीवर उभे राहिले. इतके लोक त्यांनी एकदम पाहिले नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "तशी सुई नाही. माझी चूक झाली."

तांडेल म्हणाला, "म्हंजे? जंतू गप बसले व्हते ना?"

"बसले होते. पण धाकानं नाही. अंड्यांमुळे." आणि डॉक्टरांनी कोंबड्या, भुकटी, बाटल्या, सगळं सांगितलं. मला वाटलं आता लोक चिडणार. पण मागून एक बाई ओरडली, "मंग ती बोयसरच्या रस्त्यावची पाटी खरी म्हनायची!"

"कसली पाटी?" डॉक्टर म्हणाले.

"सुभेदाराची! 'क्षयाचे जंतू मारनारी अंडी'. तांबड्या रंगानं लिवलीय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

अंगणात लगेच चर्चा सुरू झाली. सुई दुखते, अंडं दुखत नाही. अंडं होडीत नेता येतं. एकानं तर विचारलं, कच्चं खायाचं का उकडून? डॉक्टर हात वर करून ओरडायला लागले, "अंड्यानं क्षय बरा होत नाही! होत नाही! बाटलीतल्या पोळ्यावर वाढत नाहीत म्हणजे माणसाच्या छातीत मरतात असं नव्हे!" तांडेलानं शेवटी आपल्या होडीवरच्या आवाजात सगळ्यांना गप्प केलं. खोकणाऱ्या म्हातारीला तपासायला आत घेतलं, तरुणांना परत पाठवलं, आणि डॉक्टर, तांडेल आणि मी अशी वरात पहिल्या गाडीनं बोईसरला निघाली.

पाटी खरंच तांबडी होती. खाली कोंबडीचं चित्र, तेही छाती पुढे काढून उभ्या कोंबडीचं. बांधकामावरचे दोन खानसामे अंडी घ्यायला उभे होते.

डॉक्टर तावातावानं बोलायला लागले. डॉक्टर जेवढे गरम, तेवढे सुभेदार ताठ झाले. "डॉक्टरसाहेब, तुमच्याच प्रयोगशाळेत शिद्ध झालंय. पुतणीनं सांगितलं. आमी खोटं लिवलेलं न्हाई."

खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं, हे तर होतंच. म्हणून मीच पुढे झाले. "काका, एक सांगा. शत्रू समोर नसताना पलटण रोज सकाळ-संध्याकाळ हवेत गोळीबार करत बसली तर काय होईल?"

"काडतुसं संपतील."

"आणि शत्रू?"

"त्याला आवाजाची सवय हुईल. मंग खरी गोळी आली तरी तो हलायचा न्हाई."

"जंतूंचंही तसंच आहे. अंड्यांतून थोडं थोडं औषध रोज चाखवलं की ते निर्ढावतात. मग ह्या तांडेलाला सुई दिली तरी त्याच्या छातीतले जंतू हलायचे नाहीत."

सुभेदारांनी तांडेलाकडे पाहिलं. तांडेल नेमका त्याच वेळी खोकला. मुद्दाम खोकला की खरा, हे मी आजवर सांगू शकत नाही. सुभेदारांनी शिडी मागवली, स्वतः वर चढले आणि पाटी उतरवली. चित्र मात्र कापून घरात लावलं.

त्या भरात त्यांनी आणखी एक केलं. वीसेक कोंबड्या वेगळ्या काढून त्यांच्या पाण्यात भुकटी घालणं बंद केलं. ह्या कोंबड्यांना ते 'रंगरूट', म्हणजे नवे शिपाई, म्हणत. त्यातल्या एकीला पहिल्याच आठवड्यात सर्दी झाली, तर सुभेदार तिला टोपलीत घालून आमच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. ते म्हणाले, "उबेला ठेवा." ती जगली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या रोग्यांना मात्र, आपल्या आधी कोंबडीला आत घेतलं, ह्याचा बराच राग आला.

यथावकाश डोंगरी अंड्यांच्या बाटल्यांवर ठिपके उगवले आणि शेजारच्या सुभेदारी बाटल्या बोडक्याच राहिल्या, तेव्हा निकाल पक्का झाला. अंगातलं औषध उतरायला काही आठवडे देऊन रंगरुटांची अंडी वापरायला घेतली आणि पुढे जवळजवळ वर्षभर तेच पेरणं, तेच धुणं, तेच मोजणं चाललं. धाक खरोखरच असतो, एवढं आम्हाला दिसलं. काही औषधं निघून गेल्यावर जंतू थोडे दिवस दबून राहायचे. काहींच्या मागे ते खिडकीतून पळणाऱ्या पोरांसारखे लगेच वाढायला लागायचे. होळीपर्यंतचा धाक कुठल्याच औषधाचा नव्हता. आमच्या कौलारू खोलीतून जगाला नवीन असं काही मिळालं नाही. मद्रासला मोठ्या प्रयोगशाळेत लोक हेच आमच्यापेक्षा नीट करत होते. पण आठवड्यातून दोनदा सुई देताना आता डॉक्टरांचा हात कचरत नव्हता.

तांडेलानं लांबचा दर्या सोडला. मोठी होडी भावाच्या हाती दिली आणि स्वतः लहान होडी घेऊन सकाळी जाऊन दुपारी परत यायला लागला. सुईचे दोन वार त्याच्या बायकोनं आपल्या बाजाराच्या दिवसांना जोडून घेतले. आधी पाटी उतरवायची, मग नवरा. एखाद्या वेळी तो यायला कुरकुरला, तर ती सगळ्या बाजारासमोर त्याला असं काही ऐकवायची की औषधाआधी तिचाच धाक पुरेसा होता, असं डॉक्टर म्हणत. त्याच्या गळ्याची हाडं हळूहळू आत गेली. थुंकीच्या तपासणीत लाल काड्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी स्वतः काच बघितली, मला दाखवली, पुन्हा स्वतः बघितली. तांडेल दारात उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "जा आता कुठं जायचं तिथं."

तो गेला नाही. आधी आम्हाला होडीतून फिरवल्याशिवाय जाणार नाही म्हणाला.

एका रविवारी आम्ही नवापूरला गेलो. डॉक्टर बूट, मोजे आणि टोपी घालून आले होते. तांडेलाच्या बायकोनं किनाऱ्यावरूनच सांगितलं, "डागतर, काय खाऊ नका हां आधी." पण डॉक्टरांनी बोईसर स्टेशनावर आधीच भजी खाल्ली होती. होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडली, पहिली लाट अंगाखालून गेली आणि डॉक्टरांचं बोलणं एकदम थांबलं. दुसऱ्या लाटेला त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. तिसऱ्या लाटेनंतर ते होडीच्या कडेला ओणवे झाले, ते बराच वेळ तसेच राहिले.

तांडेल सुकाणू धरून उभा होता, त्याचा भाऊ पुढच्या टोकाला बसला होता. त्यानं मोठ्या मायेनं विचारलं, "डागतर, औषद हाय का काय ह्याच्यावर?"

"नाही," डॉक्टर ओणव्यानंच म्हणाले.

तांडेलानं होडी वळवली. किनाऱ्याजवळ पाणी गुडघाभर उरलं तशी डॉक्टरांनी बुटासकट उडी टाकली आणि ते चालत वर गेले. एक बूट वाळूत रुतून राहिला, तो मी काढून आणला. मागे वळून पाहिलं तेव्हा तांडेलानं होडी पुन्हा बाहेर, लांबच्या दर्याच्या दिशेनं लावली होती आणि त्याचा भाऊ जाळी सरळ करत होता.